कमी वापरलं जाणारं फीचर काढून टाकावं का? प्रोटोबफच्या ‘ग्रुप’ची गोष्ट

आजचा प्रश्न असा: एखाद्या भाषेतली सोय फारसं कुणी वापरत नसेल, तर ती सरळ काढून टाकायची का?

उदाहरण घेऊ प्रोटोकॉल बफर्सचं, म्हणजेच प्रोटोबफचं. डेटाचा आकार कसा असेल हे लिहून ठेवायची ही गूगलची भाषा. २००८ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. ॲप आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी आत हीच असते.

यात एका मेसेजच्या पोटात दुसरा मेसेज ठेवायचे दोन मार्ग होते. पहिला: आधी लांबी लिहायची, ‘पुढचे ४० बाइट्स याचे’, आणि मग मजकूर. दुसरा म्हणजे ग्रुप: ‘इथे सुरू’ अशी खूण, मग मजकूर, मग ‘इथे संपलं’ अशी खूण. कंस उघडतो आणि बंद करतो ना, तसंच.

लांबी माहीत असेल तर वाचणाऱ्याला नको असलेला भाग एका उडीत ओलांडता येतो. ग्रुपमध्ये मात्र शेवटची खूण सापडेपर्यंत सगळं चाळावं लागतं. शिवाय ग्रुप लिहायची पद्धतही विचित्र होती. फील्ड आणि त्याचा प्रकार एकाच ओळीत जाहीर व्हायचा, आणि नाव कॅपिटल अक्षरानेच सुरू करावं लागायचं. म्हणून ‘नवीन कामात हे वापरू नका’ असं डॉक्युमेंटेशनच सांगू लागलं. २०१६ मध्ये प्रोटो ३ पक्कं झालं, त्यात ग्रुप नव्हताच.

विषय संपला? नाही हो!

एक तर जुना डेटा कुठे जातो? डिस्कवर साठवलेल्या फायली आहेत, कुणाच्या तरी फोनमध्ये दोन वर्षं अपडेट न केलेलं ॲप आहे. त्यांच्या बाइट्समध्ये त्या खुणा असू शकतात. म्हणून वाचणाऱ्या कोडला त्या आजही ओळखाव्या लागतात. भाषेतून शब्द काढता येतो, पण आधीच लिहिलेल्या बाइट्समधून नाही.

दुसरं म्हणजे ग्रुपचा एक खरा फायदा होता. लांबी आधी लिहायची तर ती आधी मोजावी लागते. मेसेजच्या आत मेसेज, त्याच्याही आत मेसेज असेल तर हे मोजमाप वाढतं. ग्रुपमध्ये मोजायची गरजच नाही, थेट लिहीत सुटायचं.

आणि गंमत बघा, एडिशन २०२३ मध्ये ‘ग्रुप’ हा शब्द नाहीच, पण त्याची लिहिण्याची पद्धत ‘डिलिमिटेड’ या पर्यायाच्या रूपात परत आली. साध्या मेसेज फील्डला तो पर्याय लावायचा, बस्स.

यातून मला जे पटतं ते असं. ‘किती जण वापरतात?’ हा प्रश्न एकटा पुरत नाही. सोबत अजून दोन विचारायला हवेत: जुना डेटा कोण वाचणार? आणि अडचण कल्पनेत आहे की फक्त तिच्या मांडणीत? ग्रुपची मांडणी वाईट होती, कल्पना नव्हे. तेव्हा मांडणी निवृत्त करा, वाचन चालू ठेवा.

हाच नियम तुमच्या छोट्या प्रोजेक्टलाही लागू आहे. फील्ड काढलंत तर त्याचा नंबर ‘रिझर्व्ह्ड’ करून ठेवा. तोच नंबर उद्या दुसऱ्या कामाला दिलात, तर जुनं ॲप फोन नंबरच्या जागी भलतंच काहीतरी वाचेल, आणि कदाचित एररही येणार नाही.

तुम्ही एखादं फीचर काढायच्या विचारात असाल, तर आधी हे तीन प्रश्न विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!