घरचीं खाण्याचीं कोंबडीं: पाळणूक आणि सफाई

आषाढी अमावास्येच्या आधींच्या आठवड्यांत कोंबड्याचा भाव कसा चढतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. श्रावण लागण्यापूर्वीं घरीं एक तरी पातेलें शिजावें अशी सर्वांचीच इच्छा असते, आणि नेमक्या त्याच गर्दींत पक्ष्याचें वय व प्रकृति पाहण्यास कोणास सवड नसते. मग पंचवीस पक्षी घरींच कां वाढवूं नयेत, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. आम्हीं तो उद्योग कांहीं वर्षें केला आहे. एकदां चांगलेच फसलों, पुढें सांवरलों. त्यांतून जें कळलें तें येथें मांडतों.

प्रथम हिशेब. पैशाच्या दृष्टीनें घरचा पक्षी बाजारच्या पक्ष्याहून स्वस्त पडत नाहीं, हें मोकळेपणीं सांगितलेलें बरें. बाजारचा पांढरा ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरांत जातो, आणि किलोभर वाढीस त्यास पावणेदोन किलोंच्या आसपास खाद्य पुरतें. परसांत हिंडून वाढावीत म्हणून मुद्दाम तयार केलेल्या जाती, म्हणजे बंगळूरची गिरिराज किंवा हैद्राबादची वनराजा, यांस दीड किलो भरावयास दहा-अकरा आठवडे लागतात, व किलोमागें अडीच-तीन किलो खाद्य जातें. पंचवीस पक्ष्यांस एक क्विंटल खाद्य धरून चालावें. खळ्यावरचें सांडलेलें धान्य, पाला व किडे यांनीं त्यांतील थोडा भार उतरतो, इतकेंच. तरीही आम्ही रंगीत जातीच आणतों. पांढरा पक्षी अंगानें इतक्या झपाट्यानें भरतो कीं त्याचे पाय त्यास साथ देत नाहींत व उन्हांत तो धापा टाकतो. परसांतील जिणें त्याच्यासाठीं नव्हेच. शिवाय हिंडून वाढलेल्या पक्ष्याचें मांस वाटणाच्या रश्श्यांत तासभर शिजलें तरी चव धरून राहतें.

पिलें केव्हां आणावीं हें अमावास्येवरून मागें मोजून ठरवावें. ती बहुधा जुलैच्या उत्तरार्धांत किंवा आगस्टच्या आरंभीं येते. म्हणजे पिलें वैशाखांत घरीं यावयास हवींत. हा काळ उन्हाचा असला तरी एका गोष्टीनें सोईचा आहे. एक दिवसाच्या पिलास पहिल्या आठवड्यांत 95 अंश फॅरेनहाइट इतकी ऊब लागते, पुढें दर आठवड्यास पांच अंश कमी; ती ऊब वैशाखांत दिवसा फुकट मिळते व रात्रीं एका दिव्यावर भागतें. मृगाचा पाऊस येईपर्यंत पिलांच्या अंगावर पिसें आलेलीं असतात. जीं पिलें भर पावसांत आणलीं जातात त्यांच्याखालचें तूस ओलें होतें, आणि ओल्या तुसांत रक्ती हगवण ठरलेलीच. खानदेश-विदर्भांत मात्र दुपारीं उलट काळजी घ्यावी लागते: छपरावर ओलें गोणपाट, आणि पाण्याचें भांडें सावलींत. पिलें दिव्याखालीं एकावर एक चढलीं तर त्यांस थंडी वाजते आहे, भिंतीकडे पळालीं तर उकडतें आहे, असें समजावें; थर्मामीटर नसला तरी चालतें.

खालीं भाताचें तूस दोन-तीन इंच पसरावें, रोज हलवावें. आल्या आल्या गुळाचें पाणी, नंतर खाद्य. वाढत्या पक्ष्यास रात्रीच्या निवाऱ्यांत एक चौरस फूट जागा कमींत कमी. खाद्यांत घरची पेंड मिसळणाऱ्यांनीं एक लक्षांत ठेवावें. 1960 सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले, आणि शोध केला तेव्हां दोष भुईमुगाच्या बुरसट पेंडींत निघाला. बुरशीचें तें विष यकृतावर बसतें. वास आलेली पेंड कोंबड्यास घालून संपवूं, हा विचार मनांतून काढावा.

आतां आमच्या फसगतीची हकीकत. पहिल्या वर्षीं पिलें उत्तम वाढलीं. सातव्या आठवड्यांत आम्हीं आठवड्याच्या बाजारांतून दोन तलंगा आणल्या व त्यांच्यांतच सोडल्या. पांचव्या दिवशीं हिरवी हगवण, मान वळणें, तोंड उघडें टाकून श्वास. राणीखेत रोग होता. लस टोंचवली नव्हती, कारण पंचवीस पक्ष्यांसाठीं तालुक्याला कोण जातो, असें आम्हींच म्हटलें होतें. आठवड्यांत चार पक्षी उरले. त्या दिवसांत एक गिऱ्हाईक आलें व आजारी पक्षी निम्म्या भावानें नेतों म्हणालें. घरांतही कोणीं सुचविलें कीं मरण्याआधीं कापून खावेत. खरें सांगावयाचें तर रात्रभर आम्ही डळमळत होतों. सकाळीं खड्डा खणला, चुना घातला व सर्व पुरलें. 2006 सालच्या फेब्रुवारींत नवापुरास बर्ड फ्लू आला व लक्षावधी पक्षी मारावे लागले. कोणत्या आजारानें पक्षी पडतो हें डोळ्यांनीं पाहून कोणासही सांगतां येत नाहीं. पक्षी पटापट मरूं लागले तर ते कापूं नयेत, विकूं नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावें.

तेव्हांपासून पांचव्या ते सातव्या दिवशीं लासोटा लसीचा थेंब डोळ्यांत, चौदाव्या दिवशीं गंबोरोची लस, आणि चौथ्या आठवड्यांत पुन्हां लासोटा, हा क्रम आम्ही चुकवीत नाहीं. लस बर्फांतून आणावी. उन्हांत खिशांतून आणलेली लस म्हणजे नुसतें पाणी. शेजारचे चार जण मिळून एक कुपी आणली तर खर्चही जाणवत नाहीं. बाहेरचा पक्षी मध्येंच आंत घेणें नाहीं.

एवढ्या श्रमानें वाढविलेला पक्षी शेवटच्या दिवशींच्या घाईनें बिघडतो, हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे. आदल्या रात्रीं खाद्य बंद करावें, आठ-दहा तास पुरे. पाणी मात्र शेवटपर्यंत असावें. त्यानें पोट रिकामें राहतें व सफाई करतांना घाण मांसाला लागत नाहीं. पक्षी अंधारांतच हळू धरावा. पाठलाग केला तर मांसावर काळे-निळे डाग पडतात. तळ कापलेलें पत्र्याचें नरसाळें भिंतीला ठोकून त्यांत पक्षी डोकें खालीं करून ठेवावा. फडफड होत नाहीं, पंख मोडत नाहींत. ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणें, पण धारदार सुरीनें एकाच घावांत गळा कापावा व दोन-तीन मिनिटें रक्त पूर्ण निथळूं द्यावें.

पिसें काढण्याचें पाणी उकळतें नसावें. कातडें शिजतें व फाटतें. उकळतें व साधें पाणी समभाग मिसळलें कीं साधारण साठ अंश सेंटिग्रेडचें पाणी तयार होतें. त्यांत पक्षी मिनिटभर घुसळावा. शेंपटाचें मोठें पीस ओढतांच सुटलें कीं बाहेर काढावा. पिसें उपटून, हळद चोळून आरावर फिरवावा म्हणजे बारीक लव जळते. शेंपटावरची पिवळी तेलाची गांठ काढून टाकावी. गुदद्वाराभोंवतीं आंतडें न फुटूं देतां कापावें व हात घालून सर्व एकदम ओढून घ्यावें. यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर तेवढें मांस कडू झालेंच. पोटा चिरून खडे व आंतील पिवळें अस्तर काढावें. दीड किलोच्या पक्ष्याचें सुमारें एक किलो मांस हातीं येतें.

मग तें लगेच बर्फाच्या पाण्यांत. कापल्यावर तासाभरांत मांस ताठतें, आणि त्याच अवस्थेंत शिजवलें तर कितीही वेळ ठेवा, चिवट राहतें. घरचें कोंबडें चिवट असतें अशी जी तक्रार ऐकूं येते तिचें एक कारण हेंच. तेव्हां एक तर कापतांच चुलीवर चढवावें, नाहीं तर सहा-सात तास थंडींत विसावूं द्यावें. ज्या पाटावर कोंबडी कापली त्याच पाटावर कांदा-कोथिंबीर चिरण्याची संवय पुष्कळ घरांत आहे. तिनेंच पाहुण्यांची पोटें बिघडतात.

पिसें उकिरड्याच्या खड्ड्यांत शेणाच्या थरांमध्यें पसरावीं. कुजावयास तीं वेळ घेतात, पण नत्र त्यांत भरपूर असतें. आंतडीं व रक्त मात्र वेगळ्या खड्ड्यांत, वर हातभर माती आणि तिच्यावर बोरीच्या काटेरी फांद्या, म्हणजे कुत्रीं उकरीत नाहींत.