जाहिरात येण्याआधीची पोलीस भरती

बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की बायका जरा मोकळ्या होतात. मग घरातल्या गोष्टी निघतात. हल्ली आमच्या प्रभागातल्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगी बारावी झाली. पोलिसात जायचं म्हणते. काय करावं लागतं?" आज याच प्रश्नावर बोलूया.

आधी एक अनुभव. आमच्या गटातली एक बाई घरच्या मारहाणीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेली होती. समोर सगळे पुरुष. कोणी वाईट बोलले नाही, पण हिच्या तोंडून शब्दच फुटेना. तासभर बसून ती तशीच परत आली. कायद्याने बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. आता हे करायला ठाण्यात बाई तर हवी ना? म्हणून आपली पोरगी पोलिसात गेली, तर पगार तिच्या घरी येतोच, पण आधार सगळ्या गावाला होतो.

आता भरतीचे बघू. आपण बोलतोय ते महाराष्ट्र पोलिसातल्या शिपाई पदाबद्दल. ही भरती जिल्ह्याच्या पोलीस दलात होते, मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालयात होते. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. शिक्षण बारावी पास. वय १८ ते २८, आणि मागास प्रवर्गासाठी ३३ पर्यंत. मुलीची उंची अनवाणी १५५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट एक इंच लागते. म्हणून पहिले काम बिनपैशाचे आहे. पोरीला भिंतीला टेकून उभी करा आणि टेपने मोजा. उंची काठावर असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन नीट मोजून घ्या. वर्षभर पळून झाल्यावर हे कळले तर पोरीचा जीव तुटतो.

लग्न झालेल्या मुलींनाही अर्ज करता येतो. फक्त लहान कुटुंबाची अट लक्षात ठेवा. दोनपेक्षा जास्त मुले असतील तर सरकारी नोकरीत ही अट आडवी येते.

भरतीत आधी मैदान आणि मग लेखी, असा क्रम असतो. मैदान ५० गुणांचे. मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा चार किलोचा. पूर्ण गुण हवे असतील तर ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटर जायला हवा. मैदानात निम्मे, म्हणजे २५ गुण तरी पाहिजेत. पण तेवढ्याने भागत नाही. एका जागेमागे साधारण दहा जणांनाच लेखीला बोलावतात. त्यामुळे मैदानातला एकेक गुण मोलाचा.

लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ दीड तास. अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. पेपर मराठीत असतो. किमान ४० टक्के गुण लागतात. आपल्या पोरी मैदानात मागे राहत नाहीत, गणितात अडकतात. तेव्हा सकाळी मैदान आणि संध्याकाळी एक तास गणित, हे दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. "मैदान झाल्यावर अभ्यासाला बसू" असे म्हणणारीला वेळ पुरत नाही, हे आम्ही बघितले आहे.

आता कागदपत्रांचे सांगतो, कारण आमची खरी ठेच तिथे लागली. आमच्या एका ताईची मुलगी. मैदानात चांगले गुण, लेखीतही चांगले. घरात पेढ्यांची बोलणी सुरू झाली होती. कागदपत्र तपासणीत तिच्या नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरची निघाली. प्रवर्गाचा लाभ गेला आणि खुल्या यादीत तिचे गुण कमी पडले. दोन वर्षांची मेहनत एका तारखेने गेली. त्या रात्री ती पोरगी जेवली नाही आणि आम्हालाही घास गोड लागला नाही. जाहिरातीत ती अट स्पष्ट छापलेली होती. आम्ही कोणीच ती शेवटपर्यंत वाचली नव्हती.

तेव्हापासून आम्ही गटात एक नियम केला आहे. मुलगी पळायला लागली त्याच आठवड्यात तिची फाईल उघडायची. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार कार्ड. प्रवर्गातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमिलेअर. हे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा सेतूतून निघतात, पण वेळ लागतो. जाहिरात आल्यावर तिथे रांग असते आणि अर्जाची मुदत थोडी असते.

लग्न झालेल्या मुलीची आणखी एक अडचण. दहावीच्या सनदेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. अर्जात नाव दहावीच्या सनदेप्रमाणे भरायचे आणि नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जवळ ठेवायचे. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही, म्हणून जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरूनच निघतो. सासरी आलेल्या सुनेला माहेरी चार खेपा घालाव्या लागतात. सासूबाईंनी तेवढी मोकळीक द्यावी, एवढी विनंती.

अर्ज ऑनलाइन असतो. मागच्या भरत्यांमध्ये फी खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये होती. एका पदासाठी एकाच ठिकाणी अर्ज करायचा. "दोन जिल्ह्यांत भरून ठेवू, कुठेतरी लागेल" असे केले तर उमेदवारीच रद्द होते. अटी दर भरतीला थोड्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. आम्ही ती बैठकीतच वाचतो.

आता थोडे कडू बोलतो. मागे एक ताई गटाकडे मोठे कर्ज मागायला आली. कशाला, तर एक जण म्हणाला, "पैसे द्या, पोरीचं काम करून देतो." बैठकीत बरीच वादावादी झाली. तिचे म्हणणे होते, "सगळेच देतात, माझ्याच पोरीनं का मागं राहावं?" तिचा जीव पोरीसाठी तुटत होता, ते दिसत होते. तरी आम्ही कर्ज नाकारले. धावण्याची वेळ मैदानावर मोजली जाते, लेखीचे गुण उत्तरपत्रिकेवर मिळतात. असे पैसे घेणारा नोकरी लावत नाही. पोरगी स्वतःच्या गुणांवर लागली तर तो श्रेय घेतो, नाही लागली तर फोन उचलत नाही. कोणी सरकारी माणूसच पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. ती ताई दोन महिने आमच्याशी बोलली नाही. मग त्याच गटाने तिच्या पोरीला बूट, पुस्तके आणि प्रवासासाठी छोटे कर्ज दिले. आता ती ताई स्वतःच पहाटे मैदानावर पोरीची वेळ मोजत उभी असते.

गटाला करता येईल ते एवढेच, पण ते मोठे आहे. पहाटे अंधारात पोरी एकट्या पळू नयेत म्हणून पाळीपाळीने दोघींनी मैदानावर उभे राहायचे. शाळेच्या मैदानाची फेरी टेपने मोजून घ्यायची, म्हणजे ८०० मीटरच्या किती फेऱ्या ते कळते. एकीची फाईल दुसरीने तपासायची.

आणि ज्यांचे वय निघून गेले, त्यांनी हळहळू नये. पोलीस पाटील या पदासाठी दहावी पास, गावचा रहिवास आणि २५ ते ४५ वय लागते. ती जाहिरात प्रांत कार्यालयाकडून निघते. तिथेही महिलांसाठी जागा राखीव असतात.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला तीन गोष्टी घेऊन या. एक टेप, एक रिकामी फाईल, आणि पोलिसात जायचे म्हणणारी तुमची पोरगी. जाहिरात येईल तेव्हा येईल. आपण उद्या पहाटे पाचला मैदानावर भेटू.