भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणित कोणते घ्यावे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या उपनगरांत घरोघर एक प्रश्न निघतो. मुलगी म्हणते, मला भौतिकशास्त्र घ्यायचे आहे. वडील म्हणतात, घे बापडी. पण मुख्य विषय ठरला तरी गौण विषय ठरवायचा राहतो, आणि तेथे सारे घर शेजारच्या काकांकडे पाहू लागते. काका सांगतात, ज्यात मार्क पडतात ते घे. गणित मागे पडते ते येथे.

पूर्वी हा प्रश्न इतक्या लवकर येत नसे. मुंबई विद्यापीठात बी.एस्‌सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिक घेणारा बहुधा गणितही घेई. निवड पुढे होई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य आणि गौण विषयांची मांडणी आणली व २०२४-२५ पासून ती संलग्न महाविद्यालयांतही आली. अंधेरीचे भवन्स १९४६ सालचे, विद्याविहारचे सोमय्या १९६० सालचे, मुलुंडचे वझे-केळकर १९८४ सालचे. कॉलेजांना तोटा नाही. पण कोठे कोणत्या विषयांची जोडी मिळेल, हे ज्याने त्याने चौकशी करूनच पाहावे लागते.

भौतिकाला गणित लागते हे सर्वांस ठाऊक आहे. कोणते गणित, हे मात्र फार थोडे सांगतात. म्हणून घरातल्या घरात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. गॅलरीत कपडे वाळत घालण्याची दोरी थोडी सैल बांधा. तिला हातभर अंतरावर, सारख्याच लांबीच्या सुतळीने दोन सारखी कुलुपे टांगा. आता एकच कुलूप दोरीला काटकोनात, म्हणजे तुमच्या दिशेने, ओढून सोडा. ते झुलू लागेल. मग हळूहळू त्याचे झोके लहान होतील आणि दुसरे, ज्याला कोणी हातही लावला नव्हता, ते झुलू लागेल. काही वेळाने पहिले जवळजवळ थांबेल. मग पुन्हा उलट. हा खो-खो बराच वेळ चालतो. शेजारची मुले जमतात, हे वेगळे सांगायला नको.

आता याचा हिशेब मांडू गेले तर काय होते? प्रत्येक कुलपाची गती सांगणारे एक डिफरन्शियल समीकरण मिळते. पण पहिल्याच्या समीकरणात दुसरे कुलूप डोकावते आणि दुसऱ्याच्यात पहिले. दोन्ही एकमेकांत अडकलेली. सोडवायची कशी? युक्ती अशी की कुलपांकडे एकेकटे पाहणे सोडावे. दोन्ही बरोबर एकाच बाजूला झुलली, तर तशीच झुलत राहतात. दोन्ही विरुद्ध बाजूंना झुलली, तर तीही तशीच राहतात, फक्त वेग किंचित निराळा. या दोन साध्या चाली, आणि बाकी सारी हालचाल म्हणजे त्या दोहोंची बेरीज. दोन चालींच्या वेगांत जो अल्प फरक असतो, त्यामुळेच झोका इकडून तिकडे जातो. अडकलेल्या समीकरणांतून अशा साध्या चाली शोधून काढण्याचे जे शास्त्र, तेच रेषीय बीजगणित. आकड्यांचा तो चौकोनी तक्ता, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात, तो मांडायचा आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या. विद्यार्थी हे परीक्षेपुरते पाठ करतात आणि त्याचा कुलपांशी काही संबंध आहे हे त्यांना कोणी सांगत नाही, ही खंत आम्ही नोंदवून ठेवतो.

आणि हे कुलपांपुरतेच नाही. १९२५ च्या उन्हाळ्यात तेवीस वर्षांच्या हायझेनबर्गने अणूचे नवे गणित मांडले. त्यात दोन राशींचा गुणाकार क्रम बदलला की बदलत होता, आणि तो स्वतःच त्याने बेचैन झाला. त्याचे गुरू माक्स बॉर्न यांच्या ध्यानात आले की हे तर मॅट्रिक्सचे गुणाकार! बॉर्न विद्यार्थी असताना ब्रेस्लाऊ येथे रोझानेस नावाच्या प्राध्यापकांकडे ते शिकले होते. हायझेनबर्ग शिकला नव्हता. भौतिकाच्या विद्यार्थ्याला त्या काळी हे गणित शिकवण्याची पद्धतच नव्हती. आज आहे, आणि तरी कित्येक ते टाळतात.

तेव्हा आमचा क्रम असा. आधी अनेक चलांचे कलनशास्त्र, म्हणजे सदिशांचे कलन त्यात आलेच. विद्युत्-चुंबकत्वाचे पान त्यावाचून उलटत नाही. त्याच्या जोडीने रेषीय बीजगणित आणि डिफरन्शियल समीकरणे. ही तीन सोडून दुसरे काही घेऊ नये. त्यानंतर संमिश्र संख्यांचे विश्लेषण, आणि ज्याला प्रयोगशाळेत रमायचे आहे त्याने संभाव्यता व संख्याशास्त्र. अंकसिद्धान्त फार सुंदर विषय आहे. आवड असेल तर जरूर वाचावा, पण वरील तीन टाकून नव्हे. टोपॉलॉजी, गट सिद्धान्त वगैरे एम.एस्‌सी.ला भेटतील.

येथे हिशेबी माणसासाठीही एक गोष्ट आहे. आय. आय. टी.च्या एम.एस्‌सी.साठी जी ‘जॅम’ परीक्षा होते, तिच्या भौतिकाच्या अभ्यासक्रमात गणिती पद्धती असा एक स्वतंत्र भाग आहे: आंशिक अवकलन, फूर्ये श्रेणी, ग्रीन, गॉस व स्टोक्स यांचे सिद्धान्त, मॅट्रिक्स, डिफरन्शियल समीकरणे. पवईला जाण्याचे मनात असेल तर काकांचा सल्ला तिसऱ्या वर्षी महागात पडतो. कालिन्याला विद्यापीठाच्या आवारात २००७ साली अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने मूलभूत विज्ञानांचे केंद्र निघाले. तेथे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले वर्ष सर्वांना समान ठेवले. भौतिकवाल्याची गणितातून सुटका नाही. आम्हांस ही योजना पसंत आहे.

राहता राहिला वाद सिद्धतांचा. भौतिकाच्या वर्गात गणित कृतीसारखे शिकवतात: हे घाला, ते ढवळा, उत्तर तयार. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. पण गणित विभागाचा एक तरी अभ्यासक्रम, जेथे प्रत्येक विधान सिद्ध करावे लागते, तो घ्यावा असे आमचे मत. मार्क कमी पडतील, हे खरे.

मुंबईच्याच होमी भाभांचे उदाहरण आहे. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यंत्र-अभियांत्रिकी शिकायला. घरच्यांची इच्छा तशी होती. मन मात्र भौतिकाकडे आणि गणिताकडे ओढले. वडिलांनी अट घातली: अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणित शिक. १९३० साली भाभांनी तो मिळवला आणि नंतर खरोखरच दोन वर्षे गणिताच्या ट्रायपॉसला बसून १९३२ साली तो पुरा केला. पुढे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर कसे आदळून विखुरतात याचे जे गणित त्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणावर उभे आहे, आणि त्या समीकरणात चार ओळी व चार स्तंभांच्या मॅट्रिक्स आहेत. भाभांना दोन जादा वर्षांचा खर्च झेपला. बोरिवलीहून सकाळची गाडी पकडणाऱ्या विद्यार्थ्याला तो झेपेलच असे नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी कॉलेजात जावे आणि विषयांच्या नुसत्या नावांवर न जाता सहाही सत्रांची अभ्यासपत्रिका मागून घ्यावी. ‘गणित १’ या नावाखाली एके ठिकाणी बारावीचीच उजळणी असू शकते, तर दुसऱ्या ठिकाणी रेषीय बीजगणित. गौण विषयात गणित घेण्याची सोय नसेल, तर गणिताच्या प्राध्यापकांना विचारून त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसता येते का, ते पाहावे.