पिचर भारी, तरी सामना का हरतो?

फँटसी बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये नवखे लोक स्टार्टिंग पिचरचा क्रम त्याच्या विजयांवरून लावतात. तिथेच फसतात. २०१८मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २१७ इनिंग्जमध्ये २६९ स्ट्राइकआउट काढले, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही पटकावला. नावावर विजय मात्र १० आणि पराभव ९! आचारी फक्कड, पण वाढप्यांनी पंगत घालवली, तसंच हे. त्याच्याच संघाच्या बॅटी थंड होत्या.

शिवाय बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं काय होणार, हे बरंचसं क्षेत्ररक्षक आणि नशीब ठरवतं, असं बेसबॉल विश्लेषक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१मध्ये मांडलं. पिचरच्या हातात उरतात मुख्यतः स्ट्राइकआउट, फुकटचे वॉक आणि काही प्रमाणात होमरन. यादी करताना हे आकडे आधी बघा, मग कोपराच्या दुखापती. विजयांचा रकाना सगळ्यात शेवटी.