सापशिडीत कुणी कच्चा लिंबू नसतो

ल्युडो नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने तो निकालातच काढला. पैसे लावून ऑनलाइन खेळताय? मग नशीब असो वा कौशल्य, बंद. कायद्याचं वकील बघून घेतील. मला खटकलं ते वेगळंच. या सगळ्या काथ्याकुटात नशीब कायम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं होतं. घरातल्या चटईवर तेच नशीब किती न्यायाने वागतं, याची साक्ष द्यायला कुणी गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे नऊ वर्षांचा भाचा होता, साडेचार वर्षांची पुतणी होती आणि बहात्तरीची, नजर अधू झालेली आई. पत्ते काढले की पुतणीच्या हातातून पानं गळायची. बुद्धिबळात ती घोड्याला दूध पाजायची. शेवटी ठरलेला तोडगा: तिला कच्चा लिंबू करा. पण लिंबालाही कळतं हो! बाद होण्याची भीती नाही, म्हणजे आपल्याला कुणी धरतच नाही.

मग सापशिडी काढली. पाचव्या मिनिटाला सापाने भाच्याला 98 वरून 28 वर आणून सोडलं आणि पुतणी शिडीने भुर्रकन वर गेली. 'हा रडीचा डाव आहे,' भाचा ओरडला. रडीचा नव्हता. उलट, त्याची हुशारी कामी येणार नाही असा तो घरातला एकमेव डाव होता.

यात गणितही आहे. अमेरिकेत 'शूट्स अँड लॅडर्स' नावाने खपणाऱ्या 100 घरांच्या पटावर एका सोंगटीला शेवटच्या घरात पोचायला सरासरी 39.2 दानं लागतात. दोघांचा डाव, दोघांची मिळून, सरासरी 48 दानांत आटोपतो. पहिलं दान टाकणाऱ्याची जिंकण्याची शक्यता किती? 50.9 टक्के. तेव्हा धाकट्याला खुशाल पहिला फासा द्या, कुणाचं काही जात नाही.

'बुद्धीला चालना' असं छापलेल्या महागड्या खोक्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण एका प्रयोगाने मला गप्प केलं. एलिडा लॅस्की आणि रॉबर्ट सिग्लर यांनी 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या मुलांना त्यांनी 100 घरांचा पट खेळायला दिला. काही मुलं सोंगटी सरकवताना नेहमीसारखं 'एक, दोन, तीन' म्हणत. बाकीच्यांना घरावरचा आकडा म्हणायला लावलं. संख्यांची समज वाढली ती प्रामुख्याने या दुसऱ्या मुलांची. पहिल्यांचे डोळे पटावरून फिरत होते, पण आकडे डोक्यात शिरत नव्हते.

मराठीत हे जरा जास्तच रंगतं. सोंगटी 36 वर, दान चाराचं. सदतीस, अडतीस... आणि तिसऱ्या घरावर पुतणी थबकते. 'तीसनऊ?' बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणल्यावर आपण केवढा गदारोळ केला होता! त्या दिवशी तिचं तोंड बघून मला वाटलं, त्या पुस्तकवाल्यांचं थोडं ऐकायला हवं होतं. आईला हे अजिबात मान्य नाही. तिने पुतणीकडून 'एकोणचाळीस' तीनदा म्हणवून घेतलं आणि मगच सोंगटी पुढे जाऊ दिली.

फाशाचं मात्र जमेना. आईला टिंबं दिसत नव्हती आणि पुतणीने टाकलेला फासा दर वेळी कपाटाखाली. म्हणून डब्यातल्या सहा कवड्या काढल्या. उताण्या पडतील तितकं दान. सगळ्या पालथ्या पडल्या तर पुन्हा टाकायच्या. कवडी स्टीलच्या ताटाबाहेर जात नाही आणि उताणी की पालथी हे बोटालाही कळतं. अंध मुलासाठी वेगळं काही विकत आणायला नको. पटावर प्रत्येक सापाला सुतळी आणि शिडीला काडेपेटीतल्या काड्या चिकटवल्या की झालं.

कवड्यांमुळे आईला मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, आठवला. तो ज्ञानेश्वरांनी रचला ही आपली लाडकी कथा, पण हाती असलेले जुने पट 18 व्या शतकाच्या फारसे मागे जात नाहीत. वैष्णवांचा पट 72 घरांचा, जैनांचा 84 घरांचा. म्हणजे शंभराचा हट्ट काही अनादी नाही. लहान मुलं असतील तर पन्नासाला डाव संपवावा आणि नेमक्या दानाची अटही काढून टाकावी, असं माझं मत.

माझं मत आईने उडवून लावलं. नेमकं दान पडल्याशिवाय घरात जायचं नाही म्हणाली. 99 वर बसली. सहा कवड्यांतली एकच उताणी पडायला हवी होती. अकरा वेळा टाकून झालं. तोवर पुतणी जिंकून, लाडू खाऊन तिच्याच मांडीवर झोपून गेली होती.