नेपाळची पहिली सहल : आधी बचत, मग प्रवास

म्हैसूरच्या आमच्या शाखेत सुट्ट्या जवळ आल्या की एक प्रश्न हमखास येतो : "नेपाळला जायचंय, पर्सनल लोन मिळेल का?" अर्ज भरण्याआधी हा हिशेब पाहा.

समजा, दोघांना ४८,००० रुपये लागणार आहेत. १२ टक्के दराने वर्षभराचे कर्ज घेतले, तर दरमहा सुमारे ४,२६५ रुपये हप्ता बसतो आणि व्याजापोटी जवळजवळ ३,१८० रुपये जातात. त्याऐवजी वर्षभर आधी दरमहा ४,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले, तर ६ टक्के दराने सुमारे १,५८० रुपये व्याज मिळते. दर उदाहरणापुरते आहेत. पण फरक ४,७०० रुपयांहून अधिक आहे. सहलीसाठी मुदत ठेवही मोडू नका. मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळते.

नेपाळ की भूतान? भूतानमध्ये भारतीय प्रौढ पर्यटकाला प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. दोघांचे, पाच रात्रींचे १२,००० रुपये झाले. नेपाळमध्ये असे शुल्क नाही आणि आपल्याला व्हिसाही लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे; केवळ आधार कार्डावर विसंबू नका. रेल्वेने जायचे तर म्हैसूरहून दरभंग्याला बागमती एक्स्प्रेस आहे. काठमांडूच्या पशुपतिनाथ मंदिराशेजारून वाहणाऱ्या नदीचेच हे नाव. दरभंग्याहून रक्सौल गाठून सीमेपलीकडच्या वीरगंजहून काठमांडूची बस घ्यावी.

पैसे कसे न्यावेत? नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी बँक डॉलर देत नाही. भारतीय १०० रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभराच्या नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघण्याआधी शाखेत विचारा. रूपे कार्ड आणि यूपीआय नेपाळमध्ये अनेक ठिकाणी चालतात. मात्र आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय घरूनच सुरू करून घ्या.

भाव विचारताना एक प्रश्न विसरू नका : "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी? खोलीचे भाडे १,६०० एनसी असेल, तर तुमचे १,००० रुपयेच होतात. न विचारता १,६०० भारतीय रुपये दिलेत, तर एका रात्रीत ६०० रुपये गेले. उरलेले नेपाळी रुपये परतताना सीमेवरच बदलून घ्या. आपल्याकडे ते बदलून मिळणे कठीण असते.

आपल्या दसऱ्याच्या दिवसांतच नेपाळमध्ये दशैं असतो. तेव्हा बँका, कार्यालये बंद आणि बसगाड्यांना गर्दी असते. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत जाणार असाल, तर तिकिटे आधी काढा आणि पुरेशी रोख जवळ ठेवा.

पुढच्या वर्षी निघायचे असेल, तर आवर्ती खाते याच महिन्यात उघडा. सहलीहून परतल्यावर हप्त्याची चिंता उरणार नाही.