स्वतःची जमीन, दोन राष्ट्रांची नदी

घराच्या आवारास नवी भिंत घालावयाची झाली तर म्युनिसिपालिटीचा परवाना काढावा लागतो, आणि शेताचा बांध वीतभर सरकला तर भाऊबंदांत तीन पिढ्या पुरेल एवढा दावा उभा राहतो, हें आमच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या भिंतीच्या एका अंगास एक राष्ट्र व दुसऱ्या अंगास दुसरें राष्ट्र आहे, अशी भिंत कोणी खासगी मंडळी वर्गणी गोळा करून खासगी जमिनीवर बांधूं लागली, तर परवानगी कोणी द्यावयाची ? आणि त्या भिंतीमुळें पुराचें पाणी पलीकडच्या गांवांत शिरलें, तर जाब कोणास विचारावयाचा ? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१९ व २०२० या सालीं हे प्रश्न प्रत्यक्षांत उपस्थित झाले. त्यांचीं उत्तरें कशीं निघालीं, हें पाहण्यासारखें आहे.

डिसेंबर २०१८ मध्यें मेक्सिकोच्या सरहद्दीवर भिंत बांधण्यासाठीं अमेरिकेंत लोकवर्गणी सुरू झाली, व पाहतां पाहतां अडीच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली. ती सरकारच्या स्वाधीन करावयाची असा मूळ संकल्प होता. तो साधेना, तेव्हां चालकांनीं स्वतःच बांधकाम करण्याचें ठरविलें. (या पैशांच्या अफरातफरीबद्दल पुढें चालकांवर फौजदारी खटले होऊन मुख्य चालकास २०२३ सालीं सव्वाचार वर्षांची कैद झाली, पण तो विषय निराळा.)

सरहद्दीवर खासगी जमीन मिळाली कशी, अशी शंका कोणासही येईल. कॅलिफोर्निया, ॲरिझोना व न्यू मेक्सिको या प्रदेशांत सरहद्दीलगतची साठ फूट रुंदीची पट्टी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९०७ सालींच सरकारसाठीं राखून ठेविली होती. परंतु जी जमीन तत्पूर्वीं खासगी झाली होती, ती या हुकुमांतून सुटली. टेक्सासची गोष्ट याहून वेगळी. तें संस्थान १८४५ सालीं संघराज्यांत सामील झालें तें आपल्या पडीक जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवूनच. त्यामुळें तेथें नदीकांठची बहुतेक जमीन आजही खासगी मालकांच्या हातीं आहे.

पहिलें काम मे २०१९ मध्यें न्यू मेक्सिकोंतील सनलँड पार्क या लहानशा शहरीं झालें. एका विटांच्या कारखान्याच्या जमिनीवर सुमारें अर्धा मैल पोलादी खांबांचें उंच कुंपण, सुटीचे दिवस गांठून, उभें करण्यांत आलें. अर्ज अपुरा आहे, सबब काम थांबवा, असा हुकूम नगरपालिकेनें काढला; पण आठवडा उलटण्यापूर्वींच तिनें परवाने देऊनही टाकले. खरी अडचण निघाली ती निराळ्याच ठिकाणीं. कुंपणास जोडून एक दार केलें होतें, तें येत होतें सरकारी जमिनीवर, बंधाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. याच रस्त्यानें अमेरिकन डॅम या धरणाकडे आणि १८५५ सालीं स्थापिलेल्या पहिल्या सीमास्तंभाकडे जावें लागतें. धरणाची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्यांचीच वाट अडली ! अखेर आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोगानें जूनमध्यें तें दार स्वतः उघडून ठेवविलें. नगरपालिका नकाशा पाहते, उंची मोजते, फी घेते. परंतु त्या भिंतीआड काय आहे, याचा विचार तिच्या कागदांत नसतो, हें या प्रकरणावरून दिसून येतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. सरकारनें एखादें मोठें काम हातीं घेतलें तर त्याचा सृष्टीवर काय परिणाम होईल याची आगाऊ चौकशी केली पाहिजे, असा अमेरिकेंत १९७० सालापासून कायदा आहे. पण तो सरकारी कृतींस लागू. खासगी मनुष्य सरकारी पैसा किंवा संमति न घेतां स्वतःच्या जमिनीवर बांधूं लागला तर त्यास या चौकशीचें बंधन नाहीं. त्यास बंधन आहे तें दुसऱ्या कायद्यांचें. नदीनाल्यांत भराव घालावयाचा तर १९७२ च्या जलशुद्धीच्या कायद्याप्रमाणें लष्करी इंजिनियर खात्याचा परवाना लागतो; दुर्मिळ प्राण्यास इजा पोंचत असेल तर १९७३ चा कायदा आडवा येतो. दक्षिण टेक्सासच्या झुडपांत ऑसेलॉट नांवाचें ठिपक्यांचें रानमांजर आहे. साऱ्या अमेरिकेंत तीं शंभरही उरलीं नाहींत. शिवाय पूरक्षेत्रांतील बांधकामास स्थानिक अधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागते. आपल्या महाराष्ट्रांत निळ्या व तांबड्या पूररेषा आंखल्या जातात, त्यांतलाच हा प्रकार.

याच्या उलट गंमत अशी कीं, सरकारनेंच भिंत बांधावयाची ठरविली तर हे सारे कायदे बाजूस ठेवण्याचा अधिकार २००५ च्या एका कायद्यानें अंतर्गत संरक्षण खात्याच्या मंत्र्यास मिळाला आहे. २००८ सालीं एका सहीसरशी तीसांहून अधिक कायदे असे बाजूस ठेवण्यांत आले. म्हणजे सरकारला चौकशी आहे पण ती टाळतां येते. खासगी माणसास ती चौकशीच नाहीं, पण इतर कायदे मात्र टाळतां येत नाहींत. आम्हांस तर ही दोन्ही बाजूंची व्यवस्था सारखीच अपुरी वाटते. कारण पाण्याला कोण बांधतो याच्याशीं कर्तव्य नसतें. ॲरिझोनांत ल्यूकव्हिल येथें सरकारनें बांधलेल्या जाळीच्या कुंपणांत जुलै २००८ च्या एकाच पावसांत पालापाचोळा व काटक्या अडकून कुंपणामागें दोन ते सात फूट पाणी तुंबलें, आणि २०११ च्या पुरांत त्याच भागांतील चाळीस फूट कुंपण वाहून गेलें. पुराचें पाणी अडणार नाहीं, अशी ग्वाही बांधण्यापूर्वीं देण्यांत आली होतीच !

एवढ्यावरही एक बंधन उरतें, तें म्हणजे दुसऱ्या राष्ट्राशीं केलेला तह. १८४८ च्या तहानें रिओ ग्रँड नदी टेक्सास व मेक्सिको यांची सीमा ठरली. नदीची सीमा म्हणजे चालती सीमा. एल पासोजवळ प्रवाह दक्षिणेकडे सरकला आणि मेक्सिकोची सुमारें सहाशें एकर जमीन अमेरिकेच्या कांठास लागली. १९११ च्या लवादाचा निवाडा अमेरिकेनें मानला नाहीं. तो तंटा मिटावयास १९६३ साल उजाडावें लागलें. या कटु अनुभवानंतर २३ नोव्हेंबर १९७० रोजीं उभय राष्ट्रांनीं नवा तह केला. नदीचा नेहमींचा किंवा पुराचा प्रवाह अडेल अथवा वळेल असें बांधकाम आपआपल्या हद्दींत होऊं द्यावयाचें नाहीं, झाल्यास तें काढावयाचें वा बदलावयाचें, असें त्यांत कलम आहे. हें ठरवावयाचें काम वर सांगितलेल्या सीमा व जल आयोगाचें. त्यांत दोन्ही राष्ट्रांचे विभाग आहेत. आयोगाची फूटपट्टीही बारीक आहे : पुराची पातळी शहरी भागांत तीन इंचांहून व ग्रामीण भागांत सहा इंचांहून अधिक चढतां कामा नये, व प्रवाह शेंकडा पांचांहून अधिक वळतां कामा नये.

या तहाची कसोटी टेक्सासमधील मिशन या गांवीं लागली. सरकारी भिंती तेथें नदीपासून बऱ्याच आंत, पूरबंधाऱ्यांवर बांधलेल्या आहेत. फिशर या मक्तेदार घराण्याच्या कंपनीनें मात्र, पाण्यापासून सुमारें पस्तीस फुटांवर, अठरा फूट उंचीचें तीन मैलांचें कुंपण घालावयास घेतलें. सुमारें चार कोटी वीस लाख डॉलरांचा खर्च बहुतेक तिनेंच सोसला. शेजारीं फुलपाखरांसाठीं राखलेलें शंभर एकरांचें एक उद्यान आहे. पाणी आमच्या अंगावर येईल, म्हणून त्याच्या चालकांनीं डिसेंबर २०१९ मध्यें न्यायालयांत धांव घेतली. त्याच आठवड्यांत आयोगाच्या वतीनें खुद्द अमेरिकन सरकारनेंही दावा लावला : पुराचा अभ्यास आधीं सादर करा, मग खांब रोंवा. न्यायालयानें कामास तात्पुरती मनाई केली. परंतु भरून न निघणारें नुकसान होईल असें सिद्ध झालें नाहीं, असें म्हणून जानेवारी २०२० मध्यें मनाई उठविली. कांहीं आठवड्यांत कुंपण उभें राहिलें.

आमच्या मतें चूक झाली ती येथें. पुराचें नुकसान पूर येईपावेतों सिद्ध कसें व्हावें ? जुलै २०२० मध्यें हॅना नांवाचें तुफान आलें आणि खांबांच्या पायथ्याशीं जमीन खचून घळी पडलेल्या जगानें पाहिल्या. मक्तेदारानें ही धूप स्वाभाविक आहे, दुरुस्ती करूं, असें सांगितलें. पुढें इंजिनियरांच्या तपासणींत असें निघालें कीं, नदीस फार मोठा पूर आल्यास कुंपण उलथून पडूं शकेल. पोलादाची ती रांग पुरांत आडवी झाली तर मग इंच मोजीत बसण्यास वेळ राहणार नाहीं.

दाव्याचा शेवट मे २०२२ मध्यें तडजोडीनें झाला. कुंपण पाडण्याचा हुकूम झाला नाहीं. कंपनीनें दर तिमाहीस पाहणी करावयाची, पुराचें पाणी सोडतां यावें यासाठीं दार ठेवावयाचें, दुरुस्ती स्वखर्चानें करावयाची, आणि त्याच्या हमीसाठीं तीस लाख डॉलरांचा जामीन पंधरा वर्षें ठेवावयाचा, असें ठरलें. मूळ खर्चाच्या मानानें ही रक्कम चौदाव्या हिश्श्याएवढी होते. पंधरा वर्षांची मुदत २०३७ सालीं संपेल. पूर कोणत्या सालीं येईल तें करारनाम्यांत लिहितां येत नाहीं. नदीच्या दक्षिण तीरावरील मेक्सिकन शेतकरी व गांवकरी या तडजोडींत पक्षकार नव्हते. त्यांस कांहीं म्हणावयाचें असल्यास तें आयोगाच्या मेक्सिकन विभागामार्फतच म्हणावें लागतें.